चर्चच्या छपराच्या नोंदी: लिलाव, मूठदान आणि मंगलोरी कौलं

सातारा–कोरेगाव पट्ट्यातली आमची ख्रिस्ती मंडळी चाळीसेक घरांची. काही शेतकरी, काही शिक्षक आणि नर्स, थोडे एमआयडीसीत, बाकी पेन्शनर. मिशनच्या काळातली कौलारू चर्चं या भागात अजून बरीच उभी आहेत आणि सगळीकडे रडगाणं तेच, गळकं छप्पर. ज्यांना हे काम काढायचंय त्यांच्यासाठी इमारत समितीच्या वहीतून या नोंदी उतरवल्या आहेत.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

उपासनेनंतर पॅस्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी समिती, बसली. विषय एकच, छप्पर. गेल्या पावसाळ्यात प्रभुभोजनाच्या मेजावर पाणी आलं आणि सतरंजीवर बादल्या मांडून उपासना चालवली. भिंती दगडी, कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) सागवानी, दोन्हींना काही झालेलं नाही. कौलं माकडांनी नाचून नाचून फोडलीत आणि आपण दरवर्षी ठिगळं लावत आलो.

तरुण संघ म्हणतो पत्रा टाका. एकदाच खर्च, माकडांची कटकट कायमची गेली. मुद्दा चुकीचा नाही. पण शेजारच्या एका मंडळीनं पत्रा टाकलाय आणि जुलैत तिथं उपदेश ऐकायला गेलेला माणूस पाळकांचे हलणारे ओठ बघून परत येतो. एप्रिलातल्या दुपारचं तर विचारूच नका. शिवाय पत्र्याच्या नादात लोखंडी अँगल येणार आणि धडधाकट सागवान भंगारवाल्याकडे जाणार. हात वर करून मतं घेतली. कौलं राहिली, तीही निसटती.

हरलेल्या तरुणांनाच टेप देऊन वर चढवलं. दोन्ही पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, मिळून साधारण अठरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) भरली. ब्रासला दीडशे कौलं धरली तर सत्तावीसशे.

१७ नोव्हेंबर, रविवार. हंगामाचा सण

विधानसभेचं मतदान बुधवारी, त्यामुळे गावात भोंगे. सकाळीच एका उमेदवाराचा माणूस आला. पत्रे आम्ही देतो, मजुरीसुद्धा आमची, दारावर फक्त एक फ्लेक्स लावा. पाळकसाहेबांनी त्याला चहा पाजला, ‘आमचं कौलांचं ठरलंय’ म्हणाले आणि फाटकापर्यंत सोडून आले. त्या फुकटच्या पत्र्यांवरून कमिटीत नंतर आठवडाभर कुरबुर झाली, हेही लिहून ठेवतो.

घराघरातून लिलावासाठी आलेल्या दानाचा वेदीपुढे यंदा चांगला ढीग लागला. वाघ्या घेवड्याची पोती, आलं, गुळाच्या ढेपा, ज्वारी, भोपळे, अंडी, विणलेले रुमाल. आमचे लिलाववाले काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांचा आवाज माइकशिवाय फाटकाबाहेर जातो. कोंबडा निघाला. पाय बांधलेला, तरी अख्ख्या मंडळीकडे मान वळवून बघत होता. पहिली बोली सातशेवर तुटली. घेणाऱ्यानं पैसे मोजले आणि म्हणाला, परत लावा. दुसऱ्यानं आठशेला घेतला, त्यानंही परत लावला. असा तो कोंबडा चारदा विकला गेला आणि शेवटी पाळकीणबाईंच्या अंगणात राहिला. बाजारात त्याचे पाचशे आले असते की नाही, शंकाच आहे.

एकूण बोली ३८,४५०.

२४ नोव्हेंबर, रविवार

बोली ३८,४५० आणि हातात २४ हजार. बाकी सगळी उधारी. ‘लिहून ठेवा, ऊस बिल आलं की देतो.’ खजिनदारकाकांनी वहीच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहिलेली नावं, त्यातली दोन त्यांनाही लागेनात. गुळाची एक ढेप कुणी नेली हे आजपर्यंत कळलेलं नाही.

यावर पुढच्या वर्षापासून एक साधी चिठ्ठी ठरली. बोली तुटली की तिथल्या तिथे वस्तू, नाव आणि रक्कम लिहायची. एक प्रत घेणाऱ्याला, एक पेटीत. पैसे दिले की वस्तू उचलायची, नाहीतर ती वेदीपाशीच राहील.

क्यूआर कोडचाही घोळ निघाला. टेबलावर चिकटवलेला कोड एका सभासदाच्या स्वतःच्या खात्याचा. हेतू चांगला, पण मंडळीचा पैसा कुणाच्याही खासगी खात्यातून फिरता कामा नये, एक दिवससुद्धा. ट्रस्टच्या चालू खात्याचा कोड बँकेकडून मागवला. कागद पुरे करण्यात ख्रिसमस उजाडला.

१५ डिसेंबर, रविवार

मूठदान पुन्हा सुरू केलं. जुन्या बायकांना ही पद्धत माहीत आहे: रोजचा स्वयंपाक करताना भांड्यात धान्य घेतलं की त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात, आणि रविवारी डबा चर्चमध्ये. हातात रोकड नसलेल्या घरालाही यात देता येतं.

पहिल्या महिन्याचं धान्य महिला मंडळानं एकाच पोत्यात ओतलं. तांदूळ, गहू, ज्वारी, कुणाचे मूठभर हरभरे. दुकानदारानं पोत्यात हात घातला आणि हसला. असली मिसळ कोण घेणार? अखेर कोंबड्यांच्या खाद्यासाठी एकानं निम्म्याहून कमी भावात नेली. वर सोंडेही झालेले.

आता तीन पत्र्याचे डबे ठेवलेत, तांदूळ, गहू आणि ज्वारी. तळाशी कडुलिंबाचा वाळका पाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथेच मोजून मंडळीतच विकायचं. बाजारभावानं विकलं तरी घेणारे वर दहा-वीस टाकतात. एक निवृत्त नर्स, आमच्या सिस्टर मावशी, दर महिन्याला ज्वारी विकत घेतात आणि त्याच ज्वारीतली मूठ परत डब्यात घालतात. असा हिशोब कुठल्या खात्यात मांडायचा ते खजिनदारकाकांना सुचेना.

१९ जानेवारी २०२५, रविवार

वर्गणीचा वाद. आमच्याकडे देणाऱ्याचं नाव आणि रक्कम उपासनेत वाचून दाखवायची जुनी चाल. पाच हजारवाला पहिला, शंभरवाला शेवटी. शंभरवाल्या घरातली माणसं त्या रविवारी उशिरा येतात, हे सगळ्यांना ठाऊक. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही ओळ काढली आणि वाचन बंद केलं. आता बंद पाकिटं. पाकिटावर घराचा क्रमांक, पावती घरपोच. दाराशेजारच्या फळ्यावर फक्त तीन आकडे: जमा, खर्च, शिल्लक. दर रविवारी उपासनेच्या आधी पुसून नव्यानं लिहायचे.

एक वडील ठाम होते, नाव वाचल्याशिवाय लोक देत नाहीत. ते अगदीच खोटं ठरलं नाही. एका मोठ्या देणगीदाराची रक्कम निम्म्यावर आली. नाव गेलं म्हणून की कारखान्याचं बिल अडकलं म्हणून, देव जाणे. पण लहान पाकिटं वाढली आणि मुख्य म्हणजे नियमित झाली. माझं मत विचाराल तर यात फळ्याचा वाटा पाकिटापेक्षा मोठा. एका रविवारी फळा लिहायचा राहिला तर तिघांनी हटकलं.

९ फेब्रुवारी, रविवार

परदेशातले पैसे. हे नीट वाचा, कारण चांगल्या मनानं दिलेली रक्कम इथे मंडळीला अडचणीत आणू शकते.

एका घरचा मुलगा दुबईत. पासपोर्ट भारतीय. तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत २५,००० पाठवतो. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेच्या मार्गानं पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही, म्हणून घेतली. पासपोर्टची प्रत फाइलला.

दुसऱ्या घरची मुलगी अमेरिकेत, आता तिथली नागरिक. तिचा बाप्तिस्मा याच चर्चमधला, पण कायद्याला त्याचं काय! तिची रक्कम परकीय देणगी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमच्याकडे नोंदणी नाही. ‘आईच्या खात्यावर टाकते, आई तुम्हाला देईल’ असा मार्ग तिनं सुचवला. सीएंनी नकारार्थी मान हलवली. नकाराचं पत्र लिहिणं मला जड गेलं. सुट्टीत आली तेव्हा तिनं कौलांच्या साखळीत उभं राहून ती कसर काढली, ते पुढे येईल.

५ मार्च, भस्म बुधवार

ईस्टरआधीच्या उपवासकाळाची पाकिटं वाटली. चाळीस दिवस ज्याला जे सोडायचं ते सोडावं, मटण, तंबाखू, बाहेरचा चहा, आणि वाचलेले पैसे पाकिटात. रविवारशाळेच्या पोरांनी वेफर्स सोडले. त्यांची पाकिटं सगळ्यात जड. सुट्टी नाणी!

परवानगी अजून नाही. मालमत्ता ट्रस्टच्या नावावर, त्यामुळे कौलं काढायची तरी वरून लेखी मंजुरी हवी. डिसेंबरात दिलेला अर्ज नकाशा नाही म्हणून परत आला. नकाशा जोडला, मग अंदाजपत्रक तीन ठिकाणचं हवं. हे सगळं पहिल्याच वेळी जोडा: फोटो, मोजमाप, तीन कोटेशनं, कमिटीचा ठराव. आमचा अख्खा हिवाळा यात गेला, आणि कोरड्या दिवसांतले सगळ्यात चांगले दिवस तेच.

३१ मार्च

वर्षअखेर. मंजुरीचं पत्र मागच्या आठवड्यात हातात पडलं. जमाखर्चात ‘इमारत निधी’ हे वेगळं सदर केलं. छपरासाठी आलेला रुपया पाळकांच्या पगाराला किंवा वीजबिलाला वळवायचा नाही, कितीही तंगी असो. मार्चमध्ये साधं दान कमी पडलं तेव्हा तो मोह झालाच होता. कमिटीतल्या शिक्षिकाबाई उठून म्हणाल्या, ज्यानं कौलासाठी दिलंय त्याला विचारून या. बैठक तिथेच संपली.

२१ एप्रिल, सोमवार

काल ईस्टरची पहाटेची उपासना झाली आणि आज सकाळी परांची उभी. आधी दक्षिणेचं पाखं. एक कौल साधारण अडीच किलोचं. सगळं छप्पर म्हणजे पावणेसात टन वजन माणसांच्या हातांतून खाली यायचं. परांचीपासून अंगणापर्यंत साखळी केली. फेकून झेलायचं नाही, हातातून हातात. पहिल्या तासात तरुणांनी फेकाफेकी केली आणि वीसेक कौलं गेली, मग महिला मंडळ साखळीत मध्ये मध्ये उभं केलं. फुटणं थांबलं. अमेरिकेहून आलेली ती मुलगी जिन्सवर आईचा जुना स्कार्फ बांधून उन्हात उभी होती.

कौलं उलटी करून झाडताना बऱ्याच कौलांच्या पाठीवर ‘बाझल मिशन’ असा छाप निघाला. बाझल मिशन ही स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली मिशनरी संस्था. तिनं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. बाप्तिस्मा घेऊन जातीबाहेर पडलेल्यांच्या हाताला काम मिळावं हाही त्यामागचा एक हेतू. छाप असलेली कौलं जाड, भाजणी पक्की, बोटानं वाजवली तर खणकन बोलतात. फुटलेली बहुतेक नंतर कधीतरी बसवलेली स्वस्तातली.

वाजवून निवडायचं काम सिस्टर मावशींनी घेतलं. खणकन वाजलं तर डाव्या ढिगात, बद्द वाजलं तर उजव्या. चिरेला डोळा फसतो, कान फसत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि बादलीत बुडवून पाहिलं तेव्हा ते खरं निघालं. दोन्ही पाखी मिळून सोळाशेच्या आसपास चांगली निघतील असा अंदाज.

२६ एप्रिल, शनिवार

सुतारमामांनी वाशांवर हातोडी मारत फिरून पाहिलं. मध्ये टणक, पण भिंतीत घुसलेली डोकी कुजलेली, वाळवीनं आतून पोखरलेली. वरून रंग शाबूत, टोचणी घातली की मुठीपर्यंत आत. कोटेशन देणाऱ्या तिघांपैकी एकानंही हे पाहिलं नव्हतं. लाकडाचा अंदाज ७० हजार होता तो १,१२,००० वर गेला. अख्खे वासे न बदलता कुजका भाग कापून सांधा करायचं ठरलं, नाहीतर दीड लाख लागले असते.

वाळवीसाठी एकानं जळकं ऑइल सुचवलं. फुकट मिळालं, फासलं. रविवारी चर्चमध्ये गॅरेजचा वास, आणि उन्हानं पातळ होऊन थेंब वेदीच्या पांढऱ्या कापडावर. कापड गेलंच. पुढचे वासे वाळवीच्या औषधानं केले. वाशांच्या डोक्याभोवती चुना-सिमेंट गच्च न भरता बोटभर जागा हवेला सोडली. आधी तीच जागा बुजवलेली होती, म्हणून ओल तिथे कोंडली.

३ मे, शनिवार

कमी पडणारी अकराशे कौलं पाडलेल्या वाड्यांमधली घेतली, सोळा रुपये नग. आकार सारखा दिसतो. पण मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं ते खाचेवर, आणि खाच प्रत्येक कारखान्याची वेगळी. बाझलच्या कौलाशेजारी दुसरं बसवलं की एक कड सूतभर उचलून राहते. खालून उजेड दिसत नाही, म्हणून गवंडी म्हणाला चालतंय. आम्ही वरून दोन बादल्या पाणी ओतलं. चाललं नाही.

लावलेल्या चार ओळी उतरवल्या. आता दक्षिण पाखं पूर्ण बाझलच्या कौलांचं आणि उत्तरेचं विकत घेतलेल्यांचं. त्यातही दोन छाप होते, ते मधोमध उभी रेघ धरून वेगळे केले, रेघेवर सिमेंटची पट्टी. रिपांचं (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर साडेबारा इंच असं सगळे सांगतात. तसं न धरता तुमची सहा कौलं जमिनीवर अडकवून मोजा आणि त्यावरून ठरवा. उत्तरेला आमचं अर्धा इंच कमी भरलं, सगळ्या रिपा पुन्हा ठोकाव्या लागल्या. सुतारमामा दोन दिवस बोलले नाहीत.

९ मे, शुक्रवार

काम थोडं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्मृतिदिन (९ मे १९१९). टिळक १९१७ साली साताऱ्याला येऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच मांडला, त्यामुळे हा दिवस आमच्याकडे आठवणीनं पाळतात. संध्याकाळी अर्ध्या उघड्या छपराखाली टाळ-मृदंगावर त्यांची भजनं झाली. कौलं लावायला येणारे दोन गवंडी वारकरी घरातले. ते घरी गेलेच नाहीत, एकानं मृदंग घेतला. शब्द नवे, चाल ओळखीची म्हणाले.

नंतर झुणका-भाकरी. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास लवकर हजर.

२१ मे, बुधवार

आज पावसानं घात केला. वळवाचा एखादा दणका धरलाच होता, पण अरबी समुद्रात कमी दाब झालाय आणि हा थांबायचं नाव घेत नाही. उत्तरेचं निम्मं पाखं उघडं. रात्री फोन गेले आणि ज्याच्या घरी ताडपत्री ती आली, कांद्यावरची, ट्रॉलीवरची, एक तर शेजारच्या मुसलमान मंडपवाल्याची, न मागता. वाऱ्यानं दोन फाटल्या. वीट बांधून ताडपत्री राहत नाही. कडेला बांबू गुंडाळून तो खालच्या रिपेला बांधला तेव्हा राहिली.

बाक, पेटी आणि बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं पाळकसाहेबांच्या घरात. रजिस्टरं काम सुरू व्हायच्या आधीच हलवायला हवीत असं सिस्टर मावशी एप्रिलपासून सांगत होत्या.

२५ मे, रविवार

उपासना शाळेच्या पडवीत. मॉन्सून आजच महाराष्ट्रात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, उद्या मुंबईत म्हणे. एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचा हिशोब धरून आपण ३१ मे ही तारीख लावली होती. कोरडे चार तास मिळाले की चढायचं, एवढाच कार्यक्रम. ओल्या रिपेवर पाय सरकतो. कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणाला वर जाऊ दिलं नाही, त्यावरूनही भांडणं.

८ जून, पेन्टेकॉस्टचा रविवार

छप्पर बंद. आढ्यावरची कोनाकौलं शुक्रवारी संपली. आज भर पावसात उपासना झाली, दक्षिणेला एक थेंब नाही. उत्तरेला जिथे दोन छाप भेटतात तिथे एक ओला पट्टा दिसतोय, पावसाळा संपल्यावर पट्टी उखडून पुन्हा करू. एक पन्हाळ उतार चुकल्यानं मधेच साचते आणि वळचणीखाली चप्पल काढणाऱ्यांच्या डोक्यावर धार पडते. फॅब्रिकेटरला दोनदा निरोप गेलाय.

प्रीतिभोजन झालं. मटण त्याच लिलाववाल्या काकांनी दिलं. कोंबडा सुखरूप आहे, पाळकीणबाई त्याला हात लावू देत नाहीत.

२२ जून, रविवार

हिशोब मंडळीपुढे वाचला. जमा: साठवलेली ठेव ९०,०००, पाकिटं १,२१,३००, लिलाव ३८,४५० (उधारी सगळी वसूल, ढेपेची रक्कम कुणीतरी नाव न घालता पेटीत टाकली), दुबई २५,०००, मूठदान ११,२६०. एकूण २,८६,०१०. खर्च: लाकूड १,१२,०००, मजुरी ९६,०००, पन्हाळी २४,०००, कौलं १७,६००, परांचीचं भाडं १४,०००, औषध-रंग ११,५००, वाहतूक ९,०००, चहा-जेवण ४,३००, ताडपत्र्यांची भरपाई आणि दोर ३,०००. एकूण २,९१,४००. तूट ५,३९०, ती साध्या दानातून भरायला मंडळीनं हात वर करून मान्यता दिली.

एकानंच हरकत घेतली: चहा-जेवणाचे ४,३०० कसे? दूध आणि साखर तर घरांतून येत होती. बरोबर होतं. त्यात कोणत्या बिलांची भर पडली ते शोधायला खजिनदारकाकांनी आठवडा मागून घेतलाय. फळ्यावर तो आकडा सध्या कंसात आहे.

माकडं मंगळवारी आली होती. दक्षिणेची कौलं टिकली, उत्तरेची तीन गेली. जास्तीची कौलं मागच्या पडवीत छापांप्रमाणे वेगळी रचलीत. बदलताना पाठीवरचा छाप बघून घ्या.